घर घट्ट केलं आणि स्टोव्ह धुरावला: बाहेरची हवा थेट जोडून घ्यावी का?

हिमगौरी
नमस्कार मंडळी. आम्ही व्हरमाँटला राहतो. घर १९७४ सालचं, लाकडी, दोन मजले मिळून २,२०० चौरस फूट. बैठकीच्या खोलीत वुड स्टोव्ह (लाकूड जाळून घर तापवणारी बंद दाराची शेगडी) आहे आणि हिवाळ्यात निम्म्याहून अधिक ऊब त्याचीच. गेल्या शरदात माळ्यावर इन्सुलेशन भरून घेतलं, तळघराच्या कडेच्या फटी फोमने बुजवल्या, जुन्या खिडक्या बदलल्या. घर किती हवाबंद आहे ते मोजणाऱ्या ब्लोअर डोअर चाचणीत आधी ९ आकडा आला होता, म्हणजे ५० पास्कल दाबाला घरातली हवा तासात ९ वेळा बदलत होती. काम झाल्यावर ३ आला. आम्ही खूश.

पण तेव्हापासून स्टोव्ह बिथरलाय. सकाळी पेटवताना दार उघडलं की वरच्या कडेवरून धूर जीभ काढल्यासारखा बाहेर येतो. स्वयंपाकघरात हूड (शेगडीवरची वाफ-धूर घराबाहेर फेकणारा पंखा) चालू असेल तर विचारूच नका. आणि जानेवारीतल्या एका रात्री २ वाजता कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. पडद्यावर ८४ आकडा. लेकीला रजईसकट उचललं आणि गाडीत जाऊन बसलो, बाहेर उणे २२. अग्निशमनवाले आले, त्यांनी मोजलं, दारं-खिडक्या उघडून घर मोकळं केलं. स्टोव्हमध्ये फक्त निखारे होते, ज्वाळ नव्हतीच.

दुकानदार म्हणतो ४ इंची पाइप भिंतीतून काढून बाहेरची हवा थेट स्टोव्हला जोडा. नवरा म्हणतो, आत्ताच तर पैसे मोजून भोकं बुजवली, आता परत पाडायची? कुणी हे करून घेतलंय का? अनुभव सांगा. त्या रात्रीनंतर मला स्टोव्हशेजारी निवांत बसवत नाही.

ओला_ओंडका
डोळे मिटून करून घ्या. न्यू हॅम्पशायरला आमचं नवं घर आहे, पाइप पहिल्या दिवसापासून आहे. स्टोव्हला लागणारी हवा स्टोव्ह बाहेरून घेतो, घरातली तापवलेली हवा चिमणीतून उडून जात नाही. पायांना गार झुळूक लागायची तीही नाही. दुकानदार बरोबर सांगतोय.

पास्कलपंत
जरा थांबा. भोक पाडण्याआधी चार गोष्टी सांगा: स्टोव्ह कोणत्या मजल्यावर, चिमणी घराच्या आतून जाते की बाहेरच्या भिंतीवरून, हूड किती ताकदीचा, आणि चिमणी शेवटची कधी साफ केली?

आणि एक फुकटची चाचणी. पुढच्या वेळी धूर यायला लागला की स्टोव्हजवळची खिडकी, शक्यतो वाऱ्याच्या बाजूची, इंचभर उघडा. मिनिटभरात धूर सरळ वर गेला तर घराला हवा कमी पडतेय. काहीच फरक पडला नाही तर दुखणं चिमणीत आहे.

चकली
मला यातलं काही कळत नाही, पण वाचतेय. अलार्म होता आणि त्यात सेल होते, हे वाचून हात जोडले. आजच आमच्याकडचा तपासते.

हिमगौरी
पंत, स्टोव्ह तळमजल्यावर. चिमणी उत्तरेच्या भिंतीला बाहेरून, पूर्ण उघडी. हूड मिनिटाला ६०० घनफुटांचा, दोन वर्षांपूर्वी मुद्दाम मोठा घेतला, कारण मिरचीची फोडणी घातली की वरच्या मजल्यापर्यंत ठसका जायचा. चिमणी गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात साफ केली होती, यंदा घराच्या कामात राहून गेलं.

पास्कलपंत
मग गणित मांडतो, कारण इथे आकडेच बोलतात.

१ किलो कोरडं लाकूड पूर्ण जळायला कागदावर साधारण ६ किलो हवा लागते. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरा. तासाला २ किलो लाकूड जाळलं तर २४ किलो हवा, म्हणजे २० घनमीटर. तुमच्या भाषेत मिनिटाला १२ घनफूट. एवढीच! बंद दाराचा स्टोव्ह फार खादाड नसतो. (उघडी फायरप्लेस मात्र शेकडो घनफूट ओढते, ती गोष्टच वेगळी.)

आता हूड. ६०० घनफूट. म्हणजे स्टोव्हला लागते त्याच्या ५० पट हवा तो बाहेर फेकतो. ती परत कुठून तरी आत यायला हवी. घर सैल होतं तेव्हा फटींतून यायची. तुमच्या घराचं आकारमान साधारण ५०० घनमीटर. चाचणीचा आकडा ९ असताना हूड पूर्ण वेगाने लावला की घरातला दाब बाहेरच्यापेक्षा ५ पास्कलने उतरायचा. आता आकडा ३ आहे, तर तोच हूड दाब २५-२७ पास्कलने उतरवेल. पाइपाच्या अडथळ्यामुळे हूड छापील ताकदीने चालत नाही, म्हणून थोडं कमी धरा. तरी २० आलेच.

चांगल्या पेटलेल्या आगीत चिमणीची ओढ असते १५ ते २५ पास्कल. सकाळी थंडगार चिमणीत, तीही उत्तरेच्या भिंतीबाहेरची, २-३ पास्कल मिळाले तरी नशीब. एका टोकाला चिमणी ओढतेय, दुसऱ्या टोकाला हूड. या रस्सीखेचीत हूड जिंकतो आणि चिमणी उलटी वाहते, घराला हवा देणारं नळकांडं होऊन बसते.

सह्यकडा
पंतांना अनुमोदन. जर्मनीत (आम्ही श्टुटगार्टजवळ असतो) हा विषय कुणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. नवीन स्टोव्ह बसवला की तुमच्या भागाचा चिमणीवाला येऊन मंजुरी देतो, त्याशिवाय पेटवायचा नाही. खोलीच्या हवेवर चालणारा स्टोव्ह असेल तर दर किलोवॉटमागे किमान ४ घनमीटर खोली लागते आणि उघडणारी खिडकी किंवा बाहेरचं दार. आणि हूड किंवा वायुवीजन यंत्र सोबत चालणार असेल तर खोलीतला दाब ४ पास्कलपेक्षा जास्त उतरता कामा नये. मोजून दाखवावं लागतं.

आमच्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीला चुंबकी स्विच आहे. खिडकी तिरपी उघडल्याशिवाय हूड चालूच होत नाही. पहिल्या हिवाळ्यात चिडचिड झाली, आता हात आपोआप आधी खिडकीकडे जातो.

अवांतर: इथे काळ्या कपड्यातला चिमणीवाला दिसणं शुभ मानतात, लोक त्याच्या डगल्याच्या बटणाला हात लावतात. आमच्या आईला हे फार आवडलं. आमच्याकडे तो आला तेव्हा तिने त्याला चहा आणि बेसनलाडू दिला, बटणाला हातही लावला. तेव्हापासून तो मुद्दाम सकाळची वेळ मागून घेतो.

बंबफोड
आयडीला जागून लिहितो. आमच्या साताऱ्याच्या घरी न्हाणीत तांब्याचा बंब होता. मधून नळी, खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा. आजी पहाटे आधी राख ओढून काढायची, मग दोन शेणकुटं, त्यावर बंबफोड (बंबासाठी बारीक फोडलेली लाकडं), आणि वरून रॉकेलचा बोळा. मी घाईत राख न काढताच पेटवायचो आणि न्हाणीभर धूर. आजी म्हणायची, "अरे, त्याचं नरडं दाबलंयस तू. खालून श्वास घेऊ दे आधी." राख काढली की बंब असा घुर्र आवाज करत पेटायचा की नळीच्या तोंडाशी ज्वाळ दिसायची.

न्हाणीला मात्र वर सवणं (छपरातला झरोका) होतं आणि दार कधी धड बसायचं नाही. हवा कुठून येते हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. तुमच्या घरांना आता तो पडतोय.

चकली
बंबाच्या पाण्याला धुराचा वास यायचा तो आठवला. दिवाळीची पहाट!

ओला_ओंडका
पंत, गणित पटलं. पण मग त्यातून पाइपच सिद्ध होतो ना? स्टोव्हला स्वतःची वेगळी हवा मिळाली की हूडने घरात काय वाटेल तो धिंगाणा घालावा, स्टोव्हला काय फरक?

पास्कलपंत
नाही, आणि गोम नेमकी इथेच आहे.

पाइप जोडला की स्टोव्हच्या पोटातला दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतका होतो, चिमणीच्या ओढीने थोडा कमी. समजा बाहेरच्यापेक्षा १० पास्कल कमी. हूडने खोली २५ पास्कल खाली नेली. म्हणजे खोलीचा दाब स्टोव्हच्या पोटातल्यापेक्षाही १५ ने कमी. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. स्टोव्हच्या दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी जुनी झाली असेल, नळीचा सांधा सैल असेल, राखेचा खण नीट बसत नसेल, तिथून धूर खोलीतच येणार. आणि लाकूड घालायला दार उघडलंत की पाइप असला काय नि नसला काय, सगळं खोलीशी जोडलं गेलं.

दुसरं, पाइप घराला हवा देत नाही, फक्त स्टोव्हला देतो. हूडमुळे घराची भूक ५००-६०० घनफुटांची आणि आपण १२ घनफुटांचा घास भरवतोय. हूडसाठी वेगळी भरपाईची हवा लागते. अमेरिकेच्या नमुना बांधकाम नियमावलीत ४०० घनफुटांच्या वरच्या हूडला ती सांगितलेली आहे. हिमगौरी, तुमचा हूड बसवणाऱ्याने याबद्दल काही विचारलं होतं का?

हिमगौरी
एका शब्दाने नाही. दोन तासांत बसवून, पैसे घेऊन गेला. घर घट्ट करणाऱ्यांनीही काम संपल्यावर हूडकडे बघितलं नाही की स्टोव्हकडे. प्रत्येकाने आपापला तुकडा नीट केला. आम्ही त्याच घरात झोपतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. याचा मला खरंच राग आहे.

रानजाई
आम्ही वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेनजवळ. इथे नव्या वुड स्टोव्हला बाहेरची हवा जोडणं नियमानेच लागतं. चाकांवर आणतात त्या तयार घरांना तर देशभर तो नियम आहे, कारण ती लहान आणि घट्ट असतात. त्यामुळे 'पाइप निरुपयोगी' असं म्हणू नका. आमचा आठ वर्षं बिनतक्रार चाललाय.

पास्कलपंत
निरुपयोगी नाही म्हणत, रानजाई. लहान घट्ट घरात, हूड बेताचा असेल तर पाइप चांगलाच. मी एवढंच म्हणतोय की हिमगौरींच्या घरातला चोर दुसरा आहे.

दक्षिणवारा
मिनेसोटातून. पाइप जोडणाऱ्यांसाठी माझ्या चुका सांगतो, म्हणजे तुमच्या होणार नाहीत.

मी ४ इंची ॲल्युमिनियमचा पन्हाळीदार पाइप तसाच, काही न गुंडाळता, खोलीतून नेला. बाहेर उणे ३०. दोन दिवसांत पाइपावर खोलीच्या बाजूने दव, मग पांढरं शुभ्र हिव. स्टोव्ह तापला की ते वितळायचं आणि लाकडी फरशीवर टपटप. मार्चपर्यंत दोन फळ्या काळ्या पडून फुगल्या. आता पाइपाभोवती इन्सुलेशन आहे आणि त्यावर बाष्प आत शिरू न देणारं वेष्टण, सांधे पट्टीने बंद. बुडाला झडपही बसवली, स्टोव्ह बंद असताना लावून टाकतो. नाहीतर तो पाइप म्हणजे घरात कायम उघडी खिडकी.

दुसरी चूक जाळीची. बाहेरच्या तोंडाला आधी डासांची बारीक जाळी लावली. ती डिसेंबरात बर्फाच्या भुशाने बुजली. काढून टाकली तर वसंतात उंदराने आत घरटं केलं, गवत, कापूस, आणि माझ्या हरवलेल्या लोकरी मोज्याची लोकर! आता पाव इंची तारेची जाळी आहे. तोंड जमिनीपासून चांगलं तीन फूट वर, कारण आमच्याकडे भिंतीला टेकून बर्फ साचतो. आणि कृपा करून गराजमधून हवा घेऊ नका. तिथे गाडीचा धूर, पेट्रोलची वाफ, सगळं त्या पाइपातून आगीकडे जाईल.

चकली
उंदराला उबदार घरटं मिळालं, दक्षिणवाऱ्याला एक पाय गार! :)

उत्तरकाठ
ओटावा. मी पाइपाच्या विरोधात आहे आणि कारण वारा आहे.

ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला १० मीटर. तो भिंतीवर थेट आदळला तर ६० पास्कलपर्यंत दाब देतो. आणि घराच्या मागच्या, आडोशाच्या बाजूला तितकाच नाही, पण २०-३० पास्कल ओढतो. तुमच्या पाइपाचं तोंड नेमकं त्या बाजूला असेल तर? चिमणीची ओढ २०, पाइपाची उलटी ओढ २५. निखारे मंद असताना गरम धूर पाइपातून उलटा बाहेर जाऊ शकतो. म्हणून पाइप धातूचाच हवा, प्लॅस्टिकचा कधीही नाही, जळाऊ लाकडाला चिकटून नको, आणि वाटेत तो आगीच्या पातळीच्या वर चढता कामा नये. गरम हवेला वर जायला दुसरी वाट दिलीत तर ती घेईलच.

आमचा स्टोव्ह तळघरात होता. घर स्वतःच एक चिमणी असतं: गरम हवा वरून निसटते, खालून गार हवा ओढली जाते. तळघरापासून छतापर्यंत साडेसात मीटर, आत २०, बाहेर उणे २०, तर वर-खाली १४ पास्कलचा फरक पडतो. त्यातला निम्मा, ७, तळघराच्या वाट्याला, कुठलाही पंखा न लावता. रोज सकाळी तळघरात धूर. आम्ही शेवटी स्टोव्ह पहिल्या मजल्यावर आणला आणि चिमणी घराच्या मधून नेली. चिमणी उबेत राहते, पेटवताना ओढ आधीच तयार असते. पाइप नाही, धूर नाही.

ओला_ओंडका
उत्तरकाठ, चिमणी मधून नेणं म्हणजे अर्धं घर उसवणं. सगळ्यांना कसं परवडेल? पाइप शेदोनशे डॉलरचं काम आहे. शिवाय जळणाची बचत विसरू नका.

उत्तरकाठ
बचत मोजून बघा. तासाला २५ घनमीटर हवा, उणे २० वरून २० पर्यंत तापवायला साधारण ३३५ वॅट लागतात. स्टोव्ह ६,००० वॅट देतोय. साडेपाच टक्के. आणि पाइपातून आलेली ती गार हवा आगीला तापवावी लागतेच की, त्यामुळे सगळे साडेपाच टक्केही हाती लागत नाहीत. पायाची झुळूक गेली हे मान्य, ते सुख खरं आहे. पण जळणाच्या राशीत फरक दिसणार नाही.

ओला_ओंडका
हं. आकडा माझ्या अंदाजापेक्षा बराच लहान निघाला. माझ्या घरी फरक जाणवतो तो बहुधा त्या झुळकेचाच. तरी नव्या घराला पाइप ठेवावा असंच मी म्हणेन.

टेम्सकाठी
इंग्लंडात मधला मार्ग आहे. जुन्या सैल घरात ५ किलोवॉटपर्यंतच्या स्टोव्हला वेगळी हवा नको, त्यावरच्या दर किलोवॉटला ५५० चौरस मिलिमीटरचं कायम उघडं भोक. म्हणजे ७ किलोवॉटला ३३ मिलिमीटर चौरसाचं. नव्या घट्ट घरात पहिल्या किलोवॉटपासून मोजायचं. आमचे भाडेकरू ते भोक वर्तमानपत्राने बुजवायचे, गार वारा येतो म्हणून. तीनदा काढलं. शेवटी स्टोव्हच्या मागेच, जिथे वारा कुणाच्या अंगावर येणार नाही, तिथे नवीन करून दिलं. त्यानंतर कुणी बुजवलं नाही.

लेहची_वाट
फौजेतून निवृत्त आहे, दोन हिवाळे लेहला काढलेत. तिथे बुखारी असते, पत्र्याची, पाइप खिडकीतून बाहेर. लाकूड, शेण, रॉकेल, जे मिळेल ते. बाहेर इतकी थंडी की माणूस प्रत्येक फटीत कापडाचा बोळा कोंबतो. आणि तिथेच घात होतो.

आमचा हुकूम पक्का होता. खिडकी चार बोटं उघडी, झोपण्याआधी बुखारी विझवायची, आणि पहारेकऱ्याने रात्री प्रत्येक खोलीच्या दारावर टकटक करून आतून आवाज घ्यायचा. आतून "ठीक है" आलं नाही तर दार तोडायची मुभा. एकदा कोल्हापूरकडच्या एका पोराने बोळे कोंबून बुखारी चालू ठेवली. पहारेकऱ्याला आवाज आला नाही. दार तोडून ओढत बाहेर आणला, बर्फावर निजवला, ऑक्सिजन दिला, वाचला. त्याचा चेहरा चांगला लालबुंद होता, आजारी वाटतच नव्हता. मला ते अजून दिसतं. ३,५०० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच, आगीलाही आणि माणसालाही.

हिमगौरीताई, निखाऱ्यांच्या वेळी अलार्म वाजला हे नवल नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण कार्बन मोनॉक्साइड निखाऱ्यांतूनच जास्त येतो. ज्वाळ असते तेव्हा तो बराचसा जळून जातो.

निळाई
हे वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. विषय थोडा वेगळा, पण हवेचाच. आम्ही पुण्यात. बाथरूममध्ये गॅस गिझर, वरची काचेची पट्ट्यांची खिडकी. थंडी म्हणून त्या पट्ट्यांवर प्लॅस्टिक चिकटवलं. माझी बहीण आंघोळीला गेली, वीस मिनिटं झाली, पाण्याचा आवाज चालू आणि हाकेला उत्तर नाही. बाबांनी कडी उखडली. ती भिंतीला टेकून बसलेली, शुद्ध हरपलेली. दवाखान्यात दोन दिवस होती, आता बरी आहे. गिझर बसवणाऱ्याने एकदाही म्हटलं नव्हतं की हा बाथरूमच्या आत नको.

१ किलो एलपीजीला १५ किलोहून जास्त हवा लागते, हे मला नंतर कळलं. एवढ्याशा बंद खोलीत ती येणार कुठून? आता गिझर बाहेर, कोरड्या बाल्कनीत आहे, आत फक्त गरम पाण्याची नळी. महाराष्ट्रातल्या वाचणाऱ्यांनो, आज घरी जाऊन तुमचा गिझर कुठे आहे ते बघा.

चकली
निळाई, अंगावर काटा आला. बहिणीला सांभाळा. नाशिकला मामाकडे अगदी असंच आहे, आत्ता फोन करते.

बंबफोड
निळाई, विषय अजिबात वेगळा नाही.

पास्कलपंत
हिमगौरी, पुढे काय झालं? खिडकीची चाचणी केलीत का? आणि हूडसाठी उदबत्ती वापरा. स्टोव्ह गार असताना दार बोटभर उघडा, फटीशी उदबत्ती धरा, हूड एकेक वेग वाढवत न्या. धूर आत ओढला जातोय की खोलीकडे वळतोय ते लगेच दिसतं.

हिमगौरी
उशीर झाला, माफ करा. पाच आठवड्यांत बरंच घडलं, सगळं सांगते.

आधी खिडकी. हूड बंद असताना धूर आला, खिडकी उघडली, फरक अर्धामुर्धाच. म्हणजे पंत म्हणाले तसं चिमणीतही काही होतं. साफ करणाऱ्याला बोलावलं. तो शिडीवरून उतरला तो हातात चिमणीच्या टोपीची जाळी घेऊनच. ती जाळी म्हणून ओळखूच येईना. काळी, चकचकीत, डांबराची साय धरल्यासारखी, नखाने खरवडली तर पापुद्रे निघत होते. चार भोकांतली तीन बुजलेली. त्याने विचारलं, रात्री स्टोव्हला हवा सोडणारी कडी पूर्ण बंद करता का? हो, निखारे सकाळपर्यंत टिकावेत म्हणून. लाकूड कधीचं? "वाळलेलं" म्हणून विकत घेतलेलं. त्याने एक ओंडका फोडून आतल्या बाजूला मोजणी यंत्राच्या सुया टोचल्या: २८ टक्के ओल. २० च्या खाली हवी होती. ओलं लाकूड, कोंडलेली हवा, उत्तरेची थंड चिमणी. दोन महिन्यांत जाळी बुजली आणि त्या रात्री निखाऱ्यांचा वायू वर जायला वाटच नव्हती.

जाळी बदलली, चिमणी साफ केली. पुढच्या सकाळी वर्तमानपत्राची सुरळी पेटवून चिमणीच्या तोंडाशी धरली, मग आग वरून खाली पेटवली. धूर नाही.

मग उदबत्ती. हूड पहिल्या वेगावर (साधारण १५० घनफूट): धूर थबकला, पण आत गेला. दुसऱ्या वेगावर घुटमळायला लागला. तिसऱ्यावर सरळ माझ्या तोंडावर, आणि त्यासोबत स्टोव्हमधली बारीक राखही. नवरा शेजारी उभा होता. तो काहीच बोलला नाही, जाऊन हूड बंद केला.

भोक शेवटी पाडलं, पण हूडसाठी. ८ इंची नळ, आत विजेची झडप, हूड दुसऱ्या वेगाला गेला की झडप उघडते. नळाचं तोंड फ्रिजच्या मागे काढलंय. तिसरा वेग इलेक्ट्रिशियनकडून बंदच करून घेतला. स्टोव्हला ४ इंची पाइप तूर्त नाही. आमच्या स्टोव्हचं ते जोडसाहित्य राखेच्या खणाखाली नुसतं उघडं सुटतं, थेट आगीला जोडत नाही, हे पुस्तिका नीट वाचल्यावर कळलं. म्हणजे ओला_ओंडका यांच्यासारखा फायदा आम्हाला मिळालाच नसता. दुसरा अलार्म लेकीच्या खोलीबाहेर लावलाय.

निळाई, तुमची पोस्ट मी आईला फोनवर वाचून दाखवली. सांगलीला तिचा गिझर बाथरूममध्येच होता. भावाने परवा बाहेर काढला.

निळाई
हे वाचून किती बरं वाटलं सांगू शकत नाही. बहिणीलाही दाखवलं.

ओला_ओंडका
उत्तम काम. आणि मीही काल आमची टोपी उघडून बघितली. बुजली नव्हती, पण कडेने साय धरायला सुरुवात झालीय. शनिवारी साफ करणार. माझं लाकूडही मोजलं, २३.

चकली
फ्रिजच्या मागून बर्फासारखी हवा येत नाही का? पायाला?

हिमगौरी
येते, पण फ्रिजमागच्या कोपऱ्यात पसरते, ओट्यापाशी उभं असताना जाणवत नाही. होळीला पुरण शिजवत होते, दोन शेगड्या, हूड दुसऱ्या वेगावर, बाहेर उणे ९ आणि स्टोव्ह पेटलेला. लेकीने हट्टाने उदबत्ती घेऊन स्टोव्हशी धरली. धूर दाराच्या फटीत आत गेला. तिने सगळी उदबत्ती संपेपर्यंत धरून ठेवली.

दक्षिणवारा
छान! त्या ८ इंची नळाच्या बाहेरच्या तोंडाला जाळी कुठली लावलीत?

हिमगौरी
पाव इंची. तुमचा मोजा वाचल्यावर दुसरी कुठली लावणार?